पटकीच्या झोपडीतलं पाणी

निजामाच्या राजवटीत मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आया होते. रोग्यांची घाण काढायची, कपडे धुवायचे, पाणी पाजायचं. मी महारवाड्यातली. घाण काढताना मला कुणी अडवलं नाही. पाण्याचा पेला उचलला की अडवायचे.

त्या साली औंढ्याच्या जत्रेहून माणसं परतली आणि गावोगाव पटकी सुरू झाली. डॉक्टरसाहेबांनी गावाबाहेर तट्ट्याच्या झोपड्या उभ्या करवल्या. कुरुंद्याकडच्या एका शेतकऱ्यानं बायकोला बैलगाडीत घालून आणलं, सोबतीला आपली आई ठेवली आणि तो लगेच परतला. घरी बापही उलट्या करत होता.

पोरगी अगदी कवळी. डोळे खोल गेलेले, हातापायाला गोळे येत होते.

"पानी पिलाती रहो," डॉक्टरसाहेब मला म्हणाले. "उबाला हुआ. यही दवा है."

मी उकळून गार केलेलं पाणी घेऊन गेले, तर सासू दारात आडवी बसली.

"ते पाणी तुह्या हातचं हाय. न्हाई चालायचं."

"माय, ती वाळून चालली. काहून अडवता?"

"मी आणते की."

लोटा घेऊन ती कयाधूवर गेली. नदीच्या वाळूत खड्डा उकरून त्यातलं पाणी आणून सुनेला पाजू लागली. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते येऊन ओरडले. ते असेपर्यंत तिनं मान डोलावली, ते गेले की पुन्हा लोटा उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू नदीवर गेली तेव्हा पोरीनं माझं लुगडं धरलं. आवाज बसला होता.

"दे."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती पेल्यामागून पेला प्यायली. पण फार उशीर झाला होता. म्हातारी परतली तेव्हा पोरगी माझ्या मांडीवरच गेलेली होती, आणि पेला शेजारी पडला होता.

संध्याकाळी म्हातारीलाच जुलाब लागले. आता नदीवर जाणारं कुणी नव्हतं. मी पेला तिच्या ओठाला लावला. तिनं डोळे मिटून घेतले आणि प्यायली. रात्रभर प्यायली, पुढचे दोन-तीन दिवस प्यायली, आणि वाचली.

लेक न्यायला आला. बाप सावरला होता. बायको गेल्याचं कळताच तो आईकडं वळला.

"काय झालं गं आई?"

म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं बाटवलं तिला. तवाच गेली."

त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हातारीनं किती पेले घेतले ते माझ्या जिभेवर आलं होतं; पण आयाचं कोण खरं मानणार? त्यानं आईला उचलून गाडीत बसवलं आणि बैल हाकले.

मी पोरीची गोधडी जाळायला नेली. परत आले तोवर त्याच जागी दुसरी बाई आणून टाकली होती, आणि तिचा नवरा मला म्हणत होता, "लांब हो."