वीस मिनिटांचं कालवण

"तोंड मध्ये आणू नकोस गं! हात, फक्त हात दिसले पाहिजेत," फोनमागून नवरा म्हणाला.

"तोंड दाखवायची हौस मलाही नाही. पण तेल कडकडीत तापलंय. न बघता टाकू?"

"अंदाजाने टाक."

"अंदाजाने तुम्ही टाका. बोटं पोळली की समजेल."

"बाळ्या, सावली पडतेय रे तिच्या कोपराची," दारातून नणंद म्हणाली. नाकावर रुमाल होता, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

संध्याकाळपासून सुरू असलेल्या भांडणाला आता चांगली उकळी फुटली होती. कालवणाला मात्र अजून फुटायची होती.

नवऱ्याचं दिव्यांचं दुकान. गिऱ्हाईक कमी, वेळ भरपूर. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात शिरलं की आपण स्वयंपाकाचे व्हिडिओ काढायचे. आपल्याला साधा चहा करता येत नाही, ही अडचण त्याला अडचण वाटलीच नाही. हात बायकोचे, आवाज बहिणीचा आणि डोकं आपलं, अशी त्याने वाटणी करून टाकली. आजच्या व्हिडिओचं नाव त्याने सकाळीच ठरवलं होतं: 'कामावरून थकून आलात? वीस मिनिटांत माशाचं झणझणीत कालवण!' ती कामावरून थकून आली, त्याला दीड तास होऊन गेला होता आणि तिच्या पोटात अजून अन्नाचा कण नव्हता.

ती रक्त तपासणीच्या केंद्रात सुई टोचायचं काम करायची. 'त्या हलक्या हाताच्या बाई आहेत का?' असं विचारत लोक यायचे आणि ती नसली तर परत जायचे. दिवसभर उभं राहायचं, शीर शोधायची, भेदरलेल्या माणसाशी इकडचंतिकडचं बोलत सुई आत सारायची. शिवाय लोक घरून आणतात त्या लघवीच्या बाटल्या घ्यायच्या, कुणाची गळकी, कुणाची तर लोणच्याची बरणीच. इतक्या वर्षांत तिला त्या कशाचीही किळस आली नव्हती. हात स्वच्छ धुऊन तिथेच मागच्या खोलीत बसून ती डबा खायची. आजारी माणसाच्या अंगातून येतं त्यात घाण कसली, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

पण आपल्याच स्वयंपाकघरात तिला आज मळमळत होतं.

माशाचे ते तीन तुकडे तिसऱ्यांदा कढईत पडणार होते. पहिल्या वेळी कोपराची सावली आली. दुसऱ्या वेळी नेमकी नणंदेला शिंक आली. दर वेळी नवरा तुकडे बाहेर काढायचा, नळाखाली धरून मसाला धुवायचा, भांडी पुसायच्या फडक्याने टिपायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा, पुन्हा नव्याने तिखट चोळायला. कडा शिजून पांढऱ्या पडल्या होत्या, मधलं मांस कच्चंच होतं. एका तुकड्याची कातडी सुटली, तर त्याने ती पाकिटावर तिकीट चिकटवावं तशी अंगठ्याने दाबून बसवली. वाडग्यात आधीच ओतून ठेवलेल्या रश्श्यावर तवंग चमकावा म्हणून तो ब्रशने तेल फिरवत होता. ब्रश दुकानातला होता, दिव्यांच्या काचा झाडायचा. वाडग्यामागे गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा दडवला होता. वाफ त्यातून यायची. दुकानातून आणलेल्या दिव्यांच्या झळेने त्या एवढ्याशा खोलीत लसूण, मासा आणि घाम यांचा मिळून एक चिकट वास भिंतींवर बसला होता.

"अगं ए," बाहेरच्या टेबलाजवळून सासूबाई ओरडल्या, "शुगरची गोळी घेतलीय मी मघाशीच. पोटात काहीतरी पडू दे, नाहीतर माझाच व्हिडिओ काढायची पाळी येईल!"

"आई, शूऽऽ! आवाज येतोय तुझा."

"माझा आवाज माझ्या घरात नाही येणार तर कुठे येणार? शेजारी?"

"दोनच मिनिटं आई," ती म्हणाली. "कालच्या पोळ्या आहेत डब्यात, तोवर एक घ्या."

"सारखं इकडेतिकडे बोलू नकोस, हात हलतात," नवरा म्हणाला. "आणि बोटं नीट धर. मागच्या वेळी कुणीतरी लिहिलं होतं, वहिनींचे हात फार राठ दिसतात म्हणून."

"स्पिरिटने होतात राठ. लिहा त्यांना."

"नखांना जरासा रंग लावला असतास तर?" नणंद म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची. मोठ्या माणसांशीही ती आत्ता त्यांच्या बुटाची नाडी बांधणार असल्यासारखी बोलायची. माशाला तिने जन्मात हात लावला नव्हता. शिजलेला मात्र काट्यासकट चोखायची.

"चला, घेतोय हं!"

नणंदेने रुमाल खाली घेतला. आवाजात लगेच पाक उतरला.

"मैत्रिणींनो, नोकरी करणाऱ्या बाईचं दुःख मला विचारा! दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. थांब्यावर बस येते आणि मी ती सोडून देते. पाठोपाठ दुसरी येते, तीही सोडते. बाकावर नुसती बसून राहते. का, माहितीये? मनात एकच विचार, आज माझ्या माणसांना काय बरं करून घालू!"

तिच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

एका रविवारी दुपारी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ती नवऱ्याला म्हणाली होती, की हल्ली मी बस सोडून देते. दोन-दोन सोडते. घरी यावंसंच वाटत नाही, कुणाचा राग नाही, नुसतं वाटत नाही. तो फोन बघत होता. 'हं' म्हणाला. त्याने ऐकलं नसावं असं तिला वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. पुन्हा तिने तो विषय काढला नव्हता.

"टाक ना!" नवरा फोनमागून कुजबुजला. "थांबलीस का?"

"हे बसचं कुठून आलं?"

"घालवलंस! पुन्हा घालवलंस!"

"वन्सं, बसचं कुठून आलं?"

"बाळ्यानेच सांगितलं. छान बसलंय ना? लोकांना खरं आवडतं गं," नणंद म्हणाली. रुमाल पुन्हा नाकावर गेला होता.

"तूच नाही का म्हणाली होतीस?" नवरा म्हणाला.

"काय म्हणाले होते मी?"

"हेच. बस सोडतेस म्हणून."

"का सोडते म्हणाले होते?"

नवरा दिव्याचा खटका उगाच खालीवर करत राहिला.

"ते मी जरा गोड केलं," नणंद म्हणाली. "घरी यावंसं वाटत नाही, असं कसं बोलणार? तेही कालवणाच्या व्हिडिओत? बरं दिसतं का ते?"

म्हणजे हिलाही माहीत होतं. दोघांनी बसून त्यावर विचार केला होता. एकदाच, धीर करून, ती जे बोलली होती ते यांनी नळाखाली धरलं, पुसून काढलं, वरून आपला मसाला चोळला आणि आता तिच्याच हातांवर वाढायला घेतलं होतं. तुकडा तिने ताटलीत टाकला. तिची नजर नवऱ्याच्या बोटांवर गेली. नखांत तिखट आणि कातडीचा पापुद्रा अडकला होता. याच हाताने तो आता कौतुकाने तिच्या पाठीवर थोपटेल, हे तिला ठाऊक होतं.

त्याने हात पुढे केलाच. "रुसू नकोस आता. एकदाच अजून. एवढ्या एका वेळेला तुकडे नक्की तग धरतील."

ती बाजूला झाली. गॅस बंद केला.

एवढ्यात सासूबाई आत आल्या. कपाळावर घाम, हात कापत होते. दिव्यांखालचा वाडगा त्यांनी ओढला आणि त्यात पोळी बुडवली.

"आई, नको!" तिने घास त्यांच्या हातातून काढून घेतला. "न उकळलेला रस्सा आहे तो. घाणही आहे त्यात."

"घाण कसली?" नवरा चिडला. "तेल आहे नुसतं."

तिने सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, चमचाभर साखर तोंडात घातली, दोन अंडी फोडून तव्यावर टाकली. वाडगा, ताटली, सगळं कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं. नणंद "अगं अगं" करत राहिली. नवरा फोन धरून उभा होता; चित्रण चालूच होतं.

सासूबाईंनी अंडं-पोळी खाल्ली. हातांची थरथर थांबल्यावर, सुनेकडे न बघता, म्हणाल्या, "आमच्या वेळी इथवर बसच येत नव्हती. चालत यावं लागायचं. सोडणार काय?"



तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. टिपून कोरडे केले. मग दिवे एकेक करून बंद केले, घरातला नेहमीचा तेवढा ठेवला आणि तिघांकडे बघून, केंद्रात पुढच्या माणसाचं नाव पुकारावं तशा सुरात, म्हणाली,

"उद्यापासून संध्याकाळी मी बाहेर जेवून घरी येणार. आईंचा डबा कोपऱ्यावरच्या खाणावळीतून त्यांच्या वेळेवर येईल. तुम्ही दोघांनी तुमचं बघायचं."