भानूदादा उतरणीला लागले का?

आमच्या राहुरीच्या क्लबात रोज संध्याकाळी बॉक्सिंग तासभर चालतं आणि गप्पा दोन तास. किस्से मग साठणारच. मी तिथला टाइमकीपर. हातात घड्याळ, समोर पितळी घंटा आणि मार खायची जबाबदारी शून्य! त्यामुळे माझ्या लक्षात जरा जास्तच राहतं. गेल्या वर्षी तर एकाच प्रश्नावर इतके किस्से झाले की पोटात ठेवणं कठीण. प्रश्न असा, की भानूदादा संपले का?

भानूदादा म्हणजे साखर कारखान्यातले फिटर आणि चार वेळचे राज्य चॅम्पियन. वय एकोणचाळीस. चाळिशी ओलांडली की नियमच खुल्या गटात खेळू देत नाहीत, म्हणजे त्या वर्षी संगमनेरला होणारी स्पर्धा ही त्यांची शेवटची. पण एका वजनगटात क्लबचं एकच नाव जाणार, आणि त्याच गटात आमचा बावीस वर्षांचा ओंकार होता. त्याचा ठोसा लागल्यावरच कळायचं की आला होता.

*

संशयाची सुरुवात चष्म्यापासून झाली. एके दिवशी दादा हाताला पट्टी गुंडाळायला बसले आणि त्यांनी खिशातून चष्मा काढला. आमचे कोच लष्करातून रिटायर झालेले, सगळे त्यांना फौजी सर म्हणतात. ते हळूच म्हणाले, "भानू, रिंगमध्ये चष्मा चालत नाही रे."

दादांनी वर न बघता गाठ मारली. "पट्टी जवळ असती, सर. मानूस लांब असतोय. लांबचं मला झ्याक दिसतंय."

किती झ्याक दिसतं, ते त्यांनी लगेच सरांच्या हातातल्या पॅडवर दाखवलं. सरांना खांदा दोन दिवस शेकावा लागला.

*

मग वजनाचं प्रकरण. पंचाहत्तर किलोच्या आत यायचं म्हणून दादा पहाटे कालव्याच्या कडेने धावायला लागले. दिवस हुरड्याचे, आणि कालव्याच्या दोन्ही अंगांना सगळी शेतं ओळखीची! कोणी हाक मारली की नाही म्हणवत नाही. आठवडाभर रोज पाच किलोमीटर धावून दादांचं वजन दीड किलोने वाढलं.

सर तक्रार घेऊन त्यांच्या घरी गेले. वहिनींना हा खेळ आधीपासूनच नको होता. "मला इचारताय व्हय? ह्यांनी आता पोरांना शिकवावं. नाक तीनदा बसवून झालंय." सर हिरमुसून परतले.

दुसऱ्या दिवशी दादा धावत होते आणि मागे स्कूटीवर वहिनी! कोणी हुरड्याला बोलावलं की त्याच परस्पर सांगायच्या, "आमी फुडच्या वर्षी येतो." महिन्यात वजन बसलं.

*

आमचे अध्यक्ष नामदेवतात्या. उभं आयुष्य काष्टीच्या बैलबाजारात दलाली केली. बॉक्सिंगमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. दादांची परीक्षा घ्यायला आले आणि त्यांना क्लबच्या शेडबाहेरच्या मऊ मातीत एकट्यानेच ठोसे मारत फिरायला लावलं. दादा घामाघूम झाले, पण तात्या त्यांच्याकडे बघतच नव्हते. उकिडवे बसून मातीतले पायांचे ठसे बघत होते.

"डावा ठसा सोच्छ उमटतोय. उजवा घसटतोय," तात्या म्हणाले. "अंगात जोर हाय गड्याच्या, पर मागचा पाय मन लावत न्हाई."

आम्ही हसलो. फौजी सर हसले नाहीत. उजव्या ठोशाचा जोर मागच्या, म्हणजे उजव्या पायातून येतो, आणि दादांचा तो पाय वर्षभर मागे राहत होता. सरांनी दादांच्या सामन्यांचे दहा व्हिडिओ पाहिले होते, त्यांना ते दिसलं नव्हतं. पुढचा महिनाभर दादा मातीतच सराव करायचे आणि स्वतः वाकून ठसे तपासायचे. चष्मा लावून!

*

शेवटी दादा आणि ओंकारची ट्रायल झाली. जिंकेल त्याचं नाव जाणार. दादा जिंकले, टाळ्या झाल्या, आणि दादा ग्लोव्हज न काढता थेट माझ्याकडे आले. राउंड तीन मिनिटांचा असतो, तुझा अडीचचा कसा, असं त्यांनी विचारलं. त्यांना लागलेला दम बघवला नाही म्हणून मी घंटा लवकर वाजवली होती.

मग त्यांनी ओंकारला विचारलं, तुझा उजवा हात कुठं गेल्ता? ओंकारने मान खाली घातली. तो हलका खेळला होता. आणि सरांनी ओंकारला मुद्दाम जड ग्लोव्हज दिले होते! एकमेकांना न सांगता तिघांनी एकच पाप केलं होतं.

"जित्या मानसाच्या फोटोला हार घालताय व्हय रे?" दादा म्हणाले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी पुन्हा ट्रायल. या वेळी घंटा घड्याळाप्रमाणे आणि ओंकार पूर्ण ताकदीने. दादांचा ओठ फुटला. पण तिसऱ्या राउंडला त्यांचा उजवा बसला आणि ओंकार गुडघ्यावर आला. उठता उठता त्याने दादांच्या पायांना हात लावला. सर ओरडले, "पाया नंतर पड, आधी गार्ड घे!"

*

संगमनेरची फायनल. समोर पंचवीस वर्षांचा उंच पोरगा. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला आलेल्या, सरांच्या अगदी मागच्या खुर्चीवर. दुसऱ्या राउंडला दादा दोराला टेकले आणि लागोपाठ ठोसे खाऊ लागले. सरांनी मनाशी ठरवलं, बास. कोचने टॉवेल रिंगमध्ये टाकला की सामना थांबतो आणि आपला माणूस हरतो. सरांनी स्टुलावर हात टाकला, तर टॉवेल नाही. मागे बघतात तर वहिनी त्याच्यावर बसलेल्या.

"ताई, टॉवेल द्या. लवकर."

"न्हाई देत."

"अहो, मार खातोय तो."

"दिसतंय मला. तुमी तिकडं बघा, सर."

तिसऱ्या राउंडला दादांचा उजवा लागला. मग पुन्हा लागला. पोरगा इतका हलला की रेफरीने सामना थांबवून त्याच्यासमोर आठपर्यंत आकडे मोजले, आणि सगळा हॉल उभा राहिला. पाच पंचांपैकी तिघांनी कौल दादांना दिला. रेफरीने त्यांचा हात वर केला तेव्हा मी खुर्चीवर चढून ओरडत होतो आणि फौजी सर चक्क रडत होते.

वहिनी उठल्या. टॉवेल झटकला, नीट घडी घातली आणि सरांच्या हातात दिला.

"घ्या. आता पुसा त्यांचा घाम."