जुईनगर ते जासई, पोखरणच्या पेढ्यानंतर

मे अठ्ठ्याण्णव. पोखरणला चाचण्या झाल्या आणि आमच्या जुईनगरच्या सोसायटीत घरोघरी पेढे वाटले गेले. अण्णांनी दोन खाल्ले. तिसरा उचलला आणि त्यांना आठवलं, की आपली पोरगी, म्हणजे मी, ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय, तो नितीन खाडीपलीकडच्या अणुकेंद्रात कामाला आहे. पेढा परत खोक्यात गेला. जातीवरचं रामायण नुकतंच आटोपलं होतं, त्यात हे.

"देशाला बाँब पायजे, जावायाला न्हाई," अण्णा म्हणाले. "तितल्या लोकांची पोरं धड निपजत न्हाईत म्हनं."

तरी रिवाज म्हणून रविवारी मुलाचं घर बघायला निघालो. जासईला जायचं तर सकाळी लवकर निघा. आम्ही उशिरा उरणची बस धरली आणि गव्हाण फाट्यापासून कंटेनरच्या ट्रेलरमागे रखडलो. उजवीकडची खिडकी मिळाली तर मिठागरं छान दिसतात. मला धूळ मिळाली, इस्त्रीच्या साडीचं पोतेरं झालं.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण. मी दोनदा मागून घेतलं. "खाडीची हाय का?" असं विचारून अण्णांनी भाकरी कांद्यावर भागवली. कांदा मार्केटातला मुकादम, त्यांना काय!

नितीनला त्यांनी थेट विचारलं, "बाँब करतोस?"

"मी पंप बघतो, काका. बाँबचं मला खरंच माहीत नाही."

"म्हाईत असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

मी कपाळाला हात लावला. संपलं सगळं, असंच वाटलं.

तेवढ्यात नितीनच्या वहिनीने तिची तान्ही मुलगी अण्णांच्या मांडीवर ठेवली. तिचा बापही त्याच अणुकेंद्रात. अण्णा तिच्याशी खेळल्यासारखं करत गुपचूप एकेक बोट चाचपत होते. नितीनची आई बघत होती.

"धाच्या धा हायेत, दादा," ती हळूच म्हणाली. "आमीपन मोजलीवती."

अण्णा ओशाळले. मग त्यांनी कोलंबी वाढायला सांगितली.

परतताना बसमध्ये एवढंच बोलले, "पोरगं खोटं बोलत न्हाई." घरी आल्यावर उरलेला पेढा त्यांनी खाल्ला, तोवर तो कडक झाला होता.

जासईचा रस्ता आता ओळखू येत नाही. नितीन अजून कामाबद्दल घरी बोलत नाही, मीही विचारत नाही. आमची लेक झाली तेव्हा अण्णांनी तिला नुसतं छातीशी धरलं. बोटं मी मोजली.