चौसष्ट नंबरची नळी

एखाद्या मुलीच्या पुढच्या आयुष्यावर बेतेल अशी गोष्ट तुम्हाला कळली आणि तुमच्या वरिष्ठांनी सांगितलं की जरा थांब, तर तुम्ही किती दिवस थांबाल? लगेच उत्तर देऊ नका. मला कोणी विचारलं असतं तर मीही ताडकन सांगितलं असतं, एक दिवससुद्धा नाही. प्रत्यक्षात मी सतरा दिवस थांबले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा अमरावतीत शाळामास्तर होते आणि शाळा सुटल्यावर मोर्चांची, संपांची, सभांची पत्रकं लिहून द्यायचे. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. पाठीमागून कोऱ्या राहिलेल्या पत्रकांवर मी गणितं सोडवली. ‘जाब विचारा’ हे शब्द मी बाराखडी पुरी व्हायच्या आत वाचले असतील. पुढे वसतिगृहातल्या नासक्या पाण्यावर, परीक्षेच्या घोळावर, मुलींच्या सातच्या आत घरी यायच्या नियमावर मी स्वतः पत्रकं काढली. एम.एस्सी. झाल्यावर आनुवंशिक आजारांच्या एका संशोधन प्रकल्पात मला सहायकाचं काम मिळालं, तेव्हा बाबांना पेढ्यांपेक्षा त्या प्रकल्पाच्या पत्रकाची उत्सुकता जास्त होती. ‘लोकांना समजेल असं लिही,’ एवढंच म्हणाले.

आजार सिकलसेलचा. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणूस हाडांच्या दुखण्याने तळमळतो. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक. मी पत्रकात हे सगळं लिहिलं. वाहकाने घाबरू नये, फक्त जोडीदार वाहक नाही एवढं पाहावं, असंही लिहिलं. आणि शेवटी ठळक अक्षरांत टाकलं : घरातलं एकही माणूस सुटलं तर घराची तपासणी अपुरी राहील.

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात आमचं शिबिर लागलं. माझ्याकडे नोंदणीचं टेबल होतं. नियमाप्रमाणे प्रत्येक माणसाने माझ्यासमोर येऊन नाव सांगायचं, मी त्याच्या नंबरची चिकटपट्टी त्याच्याच हातात द्यायची, मग त्याने पडद्याआड रक्त द्यायला जायचं; तीच पट्टी त्याच्या नळीवर लागायची. पण रांग फाटकाबाहेर गेली. ऊन चढलं. मी एक सोपा मार्ग काढला. घरातल्या कर्त्या बाईला बोलवायचं, सगळ्यांची नावं एकदम लिहायची, सगळ्या चिकटपट्ट्या तिच्याच हातात द्यायच्या. माणसं येतील तशी ती एकेक पट्टी देईल. तासाभरात रांग अर्धी झाली. प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, फेरी मारून गेले आणि म्हणाले, ‘डोकं चालतं हं तुझं.’

त्यात एक पानमळ्याचं घर होतं. विड्याची पानं आणि पानपिंपळी लावणारं. बापाचा नंबर एकसष्ट, आई बासष्ट, मुलगा त्रेसष्ट, मुलगी चौसष्ट. प्रत्येकाच्या थोड्या रक्ताची तपासणी तिथेच व्हायची. औषधाच्या पाण्यात थेंब टाकायचा, पाणी गढूळ झालं तर दोष, स्वच्छ राहिलं तर नाही. उरलेलं रक्त नळीतून अमरावतीला. बापाचं पाणी गढूळ झालं, पुढच्या तपासणीत तो वाहक ठरला. आई, मुलगा, मुलगी स्वच्छ. तिघांच्या चिठ्ठ्या आईने पदराच्या गाठीत बांधल्या आणि जाताना मला जबरदस्तीने चहाला घरी नेलं. मुलगी काही दिसली नाही. मी विचारलंही नाही.

प्रयोगशाळेत त्या नळ्यांची पाळी यायला बरेच महिने गेले. प्रत्येक नमुन्यातल्या डीएनएचे ठरावीक तुकडे आम्ही जेलच्या पातळ थरातून पळवतो. निळसर दिव्याखाली त्यांच्या आडव्या रेघा दिसतात. मुलाच्या रेघांपैकी निम्म्या आईशी जुळतात, निम्म्या बापाशी. एवढं पाहिलं की घराची नोंद बरोबर आहे असं समजायचं. त्या दिवशी चौसष्टच्या सगळ्या रेघा बासष्टशी जुळल्या. बापाच्या वाट्याचं त्यात काही नव्हतं. मी पुन्हा नमुना घेतला, पुन्हा जेल चालवली. तेच. ती आईची मुलगी नव्हती, ती आईच होती. एकाच बाईने दोनदा रक्त दिलं होतं, आणि दुसऱ्यांदा दिलेल्या रक्तावर मुलीच्या नावाची स्वच्छ चिठ्ठी निघाली होती.

मी धावत सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही नमुन्यांच्या रेघा पाहिल्या, चष्मा काढून पुसला.

‘एक नळी बाद कर. शेरा लिही, दुबार नमुना.’

‘सर, पण ती चिठ्ठी? वडील वाहक आहेत. मुलगीही असू शकते. निम्मी शक्यता आहे.’

‘चिठ्ठी शिबिराची. आपलं काम संशोधनाचं. आपण नमुन्याच्या नंबरापलीकडे जायचं नाही, यावर तूही सही केली आहेस. मी प्रकल्पाच्या समितीला पत्र टाकतो. परवानगी आली की रीतसर कळवू.’

‘किती दिवस लागतील?’

‘बैठक होईल तेव्हा. आणि हे बघ, तुझ्या नोकरीची मुदतवाढ त्याच बैठकीत आहे. तिथे आगाऊपणा नको.’

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पत्र खरंच टाकलं. त्यांच्या नियमालाही कारण आहे. लोकांच्या रक्तातली गुपितं कोणीही उठून गावात सांगत सुटलं तर उद्या कोण हात पुढे करेल? हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी गप्प बसले ती त्या कारणाने नाही. मी मुदतवाढीसाठी गप्प बसले. नोंदवही सरांच्या कपाटात कुलपात होती, मात्र मला नंबर उलगडायची गरज नव्हती. त्या घरी मी चहा प्यायले होते.

दिवस जात राहिले. मी नळ्या धुतल्या, तक्ते भरले, समितीच्या पत्राचं काय झालं ते दोनदा विचारलं. सोळाव्या दिवशी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझी अडचण समजून घेतील. त्यांनी ताट बाजूला सारलं.

‘मग आता पत्रक कोणाविरुद्ध काढतेस?’

त्यांनीच पुढे विचारलं, ‘सकाळची पहिली एसटी कितीची आहे?’

मी पोचले तेव्हा ती बाई अंगणात ताडपत्रीवर पानपिंपळी वाळत घालत होती. दाराला आंब्याचं तोरण होतं. पानं सुकली होती, अजून गळली नव्हती.

‘ये वं बाई! अमरावतीवाली न तू? लगनाले काहून नाई आली? लाडू सरले आता.’

‘कोणाचं लग्न, काकू?’

‘कोनाचं म्हंजे? माया पोरीचं! सहा दिस झाले. अकोल्याले देली. पोरगा चांगला हाये, सरकी-ढेपीचं दुकान हाये त्यायचं.’ मग तिने आवाज खाली आणला. ‘त्याच्या चिठ्ठीत थोडंसं हाये, तू म्हनते ते वाहक का काय. पन तुयाच कागदात लिवलं व्हतं, एकाचं असलं तं चालते, दुसऱ्याचं साफ पाह्यजे. पोरीची चिठ्ठी तं साफ हाये. त्यायनं पाह्यली न मंगच साखरपुडा केला.’

मी ताडपत्रीच्या काठावर बसले आणि विचारलं, ‘काकू, पोरीच्या नावाचं रक्त कोणी दिलं होतं?’

तिचा हात पिंपळीत तसाच राहिला. ‘कोन म्हंजे? मी देलं.’ लपवाछपवी काही नव्हती तिच्या बोलण्यात. ‘थे मामाच्या घरी गेली व्हती. तूच लिवलं व्हतं न, एक मानूस सुटलं तं घर अपुरं. तिची पट्टी तं माया हातातच व्हती. माई चिठ्ठी साफ आली, मंग म्हटलं, पोरीले कायले सुई टोचाची? माया पोटातूनच निंघाली न थे? रक्त का येगळं हाये?’

‘निम्मं वेगळं असतं, काकू. निम्मं काकांचं असतं.’

‘बापाचं नाव लागते,’ ती म्हणाली, ‘रक्त मायचंच राह्यते. नऊ मयने पोटात मी पाजलं.’

मी तिला समजावत राहिले. बोटांनी मातीत रेघा ओढून दाखवल्या. ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी ती उठली, ओट्यावर गेली आणि तिथून म्हणाली, ‘मले हे तवा काहून नाई सांगतलं? तवाच का, लगनाच्या आंधी तरी सांगाचं. आता सांगून राह्यली, घर भरल्यावर.’ तिने चहा विचारला नाही. मी निघताना ती फक्त म्हणाली, ‘तिच्या सासरी जाशीन नोको.’

मी गेले, अकोल्यात दुकानाचा पत्ता विचारत. माझ्यात हिंमत होती असं नाही. न जाण्याची लाज मी सतरा दिवस भोगली होती, म्हणून गेले. मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सासू शेजारी गेली होती. मी दारातच हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती आत गेली, चप्पल घालून बाहेर आली आणि म्हणाली, ‘चला, दवाखान्यात. आत्ताच.’

दोन दिवसांनी तिचा स्वतःचा, तिच्याच दंडातल्या रक्ताचा रिपोर्ट आला. वाहक. आम्ही दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. तिने कागद चार वेळा वाचला.

‘ताई, तुमाले हे कवा कळलं?’

मी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजलं.

‘म्हंजे मले लगनाची हयद लागाच्या दहा दिस आंधी.’ ती रडली नाही. ‘मी कदाचित ह्याच पोराशी लगन केलं असतं. मले आवडते थो. पन मले इचारलं असतं तं. मायनं माया नावानं रक्त देलं, तुमी माया नावानं चूप बसल्या. माया नावाचं समदं झालं, मलेच कोनी इचारलं नाई.’



ती आता तिसऱ्या महिन्यात आहे. नवऱ्याला तिने सांगितलं. तो तिच्यासोबत नागपूरला गेला; पोटातल्या बाळाला आजार आहे का हे कळावं म्हणून वारेचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला आहे. सासरच्यांना अजून माहीत नाही. आईशी ती बोलत नाही, माझ्याशी मोजकंच बोलते. रिपोर्ट आलेला नाही. आला आणि वाईट निघाला, तर जे ठरवायचं ते तिलाच ठरवावं लागेल, आणि त्या ठरवण्याच्या वेळी तिच्याजवळ कोण असेल हे मला सांगता येत नाही. माझी मुदतवाढ झाली नाही. समितीची परवानगी मात्र आली, रीतसर, मी अकोल्याहून परतल्यावर तीन आठवड्यांनी. आमच्या नोंदीत चौसष्टसमोर अजूनही एवढंच लिहिलेलं आहे : दुबार नमुना, बाद.

त्या शिबिरात मी किती घरांच्या पट्ट्या अशा एका बाईच्या मुठीत दिल्या, ते मी मोजलेलं नाही. मोजता येणारही नाही. सगळ्या नळ्या जेलवर चढल्या नाहीत. म्हणून हे लिहिते आहे, आणि एक मागणं मागते आहे. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कोणाचं लग्न जुळत असेल आणि तपासणीच्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली असेल, तर आज त्या मुलीला एकटीला बाजूला घ्या. तिच्या आईला विचारू नका, मामाला नको. तिलाच विचारा : बाई, सुई तुझ्याच हाताला टोचली होती का? ती नाही म्हणाली, किंवा आठवत नाही म्हणाली, तर तिच्यासोबत जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. पत्रिका छापायला टाकायच्या आधी जा.