न्हाणीतले पाढे

नव्वदनंतरची गोष्ट. एकोणिसाव्या वर्षी मी भावाच्या मोपेडवरून पडले. कसबा बावड्याच्या रस्त्यावर उसाची चिपाडं पडली होती, त्यावरून चाक घसरलं. डोक्याचं ऑपरेशन झालं आणि सहा महिन्यांनी झटके सुरू झाले. गोळ्यांनी झटके कमी झाले, हिरड्या सुजल्या. हसले की नुसत्या हिरड्याच दिसायच्या, म्हणजे हसायचीही सोय राहिली नाही.

डॉक्टरांनी बजावलं, हिला आगीजवळ, पाण्याजवळ एकटं सोडू नका. वडिलांनी त्याच दिवशी न्हाणीची कडी उचकटली. आईनं आपली युक्ती काढली: मी आत मोठ्यानं पाढे म्हणायचे, ती बाहेर दगडावर धुणं धुणार, माझा आवाज थांबला की आत येणार. दोन वर्षांत ती तीनदा धावत आली. एकदा बादलीत बुडालेलं माझं तोंड तिनंच वर काढलं. गल्लीतली पोरं मला 'शाळा' म्हणायची. मेल्यांचे पाढे माझं ऐकूनच पक्के झाले!

मग धाकट्या बहिणीला गारगोटीचं स्थळ आलं. पसंती झाली, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात निरोप आला, "घरात फेफरं हाय म्हनं. नगं, पावणं." हे मार लागल्यानं झालंय, रक्तातलं नव्हे, असं वडील घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले. धाकटी माझ्याशी बोलेनाशी झाली. आईनं सुपारीसाठी आणलेलं सामान गुंडाळून माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सतराच्या पाढ्यात मध्येच मी तोंड मिटलं. मुद्दाम. झटका नव्हता, काही नव्हतं. आई येते का, एवढंच मला बघायचं होतं. बाहेर धुणं आपटायचा आवाज थांबला. मी दाराकडे बघत बसले. भीती वाटायला लागली, तरी गप्प राहिले. बादलीतलं पाणी निवलं. मग धुण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

कपडे घालून बाहेर आले तर आई दचकली. लगेच मान खाली घालून साडी पिळायला लागली. नळाला जोर होता, तिला ऐकू गेलं नसेल, अशी मी दिवसभर स्वतःची समजूत घातली.

सकाळी टॉवेल घेऊन निघाले तेव्हा तिनं माझा दंड धरला.

"काल थांबलीस तसं आज थांबू नगंस," ती म्हणाली. "माझा काय भरवसा न्हाय."