तेवीस बांगडे, पाच वाटे

भागाकार हा न्यायाचा पाया आहे, असं विस्तार अधिकारी साहेबांनी माझ्या वर्गात उभं राहून सांगितलं. न्याय शिकायला समोर चौथीची चार मुलं होती. शाळेत एकूण नऊ.

नऊ हा आकडा महत्त्वाचा. पट कमी म्हणून मालवण किनाऱ्यावरची आमची शाळा बंद करायची का, हे बरंचसं साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. पुढची शाळा खाडीपलीकडे. होडीतून मुलींना पाठवणार नाही, असं पालकांनी मला आधीच सांगून टाकलं होतं.

प्रश्न परिसराशी जोडलेला असावा, असं परिपत्रक होतं. म्हणून साहेबांनी बांगडे घेतले. "तेवीस बांगडे पाच जणांत सारखे वाटले. प्रत्येकाला किती? बाकी किती?"

मी निर्धास्त होते. सारखं वाटून जे उरतं ती बाकी. आठवडाभर आम्ही चिंचोके वाटत होतो. तेवीस चिंचोक्यांचं याच मुलांनी बरोबर केलं होतं.

पाट्या वर आल्या. प्रत्येकाला चार, बाकी शून्य. चारही पाट्यांवर.

"चार पंचे वीस. मग तीन गेले कुठे?" साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हे शिकवलंत?" त्यांनी शेरेबुक उघडलं. भेटीला आलेला अधिकारी त्यात मत लिहितो. लिहिलेलं खोडता येत नाही.

मी विशाखाची पाटी हातात घेतली. "विशाखा, तीन बांगडे खंय गेले गो?"

विशाखाचे वडील रापण ओढतात. रापण म्हणजे वाळूवर उभं राहून बऱ्याच जणांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं.

"खंय जातले? वाटे घालून उरतत ते जो बघूक उभो आसता तेका दितत. घराक कोण न्हेतलो?"

"आणि बघायला कोणीच नसलं तर?" साहेबांनी विचारलं.

"बघणारे कायम आसतत," दत्तू मागून म्हणाला. "ओढूक मात्र कोण येना नाय."

मुलं हसली. साहेबांचं पेन कागदाला टेकलं.

मी घाईने विचारलं, "विशाखा, तेका देवच्या आधी हातात किती?"

"तीन."

"तीच बाकी. ती पुढे कोणाला दिली, ते गणित विचारत नाही."

"मगे ह्या आधी सांगूक नको?"

साहेबांनी पेन उचललं. फळ्यावर अडतीस भागिले सात लिहिलं. मग पन्नास भागिले आठ. मुलं पुटपुटत वाटे घालत होती, मी दाराची कडी धरून उभी. पाच, बाकी तीन. सहा, बाकी दोन. चारही पाट्यांवर.

"भागाकाराची संकल्पना स्पष्ट," असा शेरा पडला. शाळा यंदापुरती वाचली. मी एवढंच शिकले, की चिंचोके मागायला किनाऱ्यावर कोणी उभं राहत नाही.

परतताना साहेब रापण बघायला थांबले. वाटे घालून झाले होते. उरलेले दोन बांगडे विशाखाच्या वडिलांनी त्यांच्यापुढे धरले.

साहेब शाकाहारी होते. ड्रायव्हरने घेतले.