टाकीतले भाऊजी

आमचे भाऊजी बोलायला लागले की ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटते. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही. अशा माणसाला नोकरी मिळाली ती नेमकी तोंड मिटून करायची.

भाऊजी सूर्याच्या दुर्बिणीवर तंत्रज्ञ आहेत. तिथे सूर्याचं बिंब केसाहून बारीक फटीवर पाडतात. फटीतून शिरलेला उजेड बसएवढ्या लांब लोखंडी टाकीत जातो, आरशावरून परततो आणि एका चकचकीत काचेवर पडतो. या काचेवर मिलिमीटरमागे शेकडो रेघा कोरलेल्या. त्या उजेडाचे रंग इतके फाकवतात, की सूर्यावरच्या लोखंडाने, सोडियमने जो रंग गिळला असेल तिथे पडद्यावर काळी रेघ दिसते. रेघ तसूभर सरकली की समजायचं, तिथला वायू उसळतोय किंवा खाली बसतोय. टाकीतल्या हवेने हे चित्र गढूळ होतं, म्हणून पंप लावून हवाच काढून टाकतात.

कोरलेल्या काचेवर थुंकीचा कण उडाला तर पुसायची सोय नाही. पुसलं की रेघाही जातात. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञ बाईंचा दंडक होता: काचेचं झाकण काढलं की अवाक्षर काढायचं नाही.

एके दिवशी भाऊजी तोंडाला फडकं बांधून टाकीत रांगत गेले. झाकण काढलं, तोच टाकीच्या दारातून बाईंची हाक आली, "कोणी आहे का आत?"

काच वीतभर अंतरावर. भाऊजींनी नुसता हात हलवला. भरकटलेला उजेड अडवायला टाकीत मध्ये मध्ये काळे पत्रे लावलेले; त्यांच्याआडून तो दिसणार कुणाला? भाऊजी आत आहेत आणि गप्प आहेत, हे बाईंच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. दिवा गेला. दार बसलं. पंप घुरघुरू लागला.

मग मात्र भाऊजी ओरडले. नोकरीभर दाबून ठेवलेला सगळा आवाज लावून ओरडले, लोखंडावर मुठी आपटल्या. पंपाने सगळं गिळलं. कानाला दडे बसले. श्वास घेतला तरी पुरेना. ताईचा चेहरा आठवायला गेले, तर तोही नीट आठवेना.

इतक्यात पुढच्या टोकाला उजेडाची पातळ पात उमटली. बाईंनी सूर्य फटीवर आणला होता. भाऊजी तिकडे सरपटले आणि फटीमागे हवा अडवायला बसवलेल्या साध्या काचेवर तळवा दाबला.

बाहेर पडदा काळा झाला. "आला वाटतं ढग," म्हणत बाईंनी चहाचा कप उचलला.

ढग काय, आपोआप जातो. त्यासाठी कोण उठतंय? भाऊजींच्या लक्षात आलं, बाई उठतात त्या धुळीला. फटीवर कण बसला की सगळ्या रंगांमधून आडवा पट्टा उमटतो, आणि मग भाऊजींची खरडपट्टी निघते. त्यांनी खिशातला कंगवा काढला. डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलेलं नाही, पण कंगवा असतो. त्याचे दात त्यांनी फटीवर आडवे धरले.

"अगं बाई! एवढी धूळ?" बाई कप टाकून धावल्या. फट बाहेरून पुसली, पडद्याकडे पाहिलं. पट्टे तसेच. आणि हलत होते.

धूळ थरथरत नाही. बाईंनी किंचाळून पंप बंद केला.

पण दार उघडेना. आत हवा भरेपर्यंत ते हत्तीच्यानेही हललं नसतं. झडपेतून हवा सूं सूं करत शिरत होती आणि बाई दारावर कपाळ टेकून म्हणत होत्या, "आले हं, आले, आले."

दार निघालं तेव्हा भाऊजी निळे होते आणि बाई पांढऱ्या.

"ओरडायचं नाही का हो?" बाईंना हुंदका आवरेना.

"बाई, तुम्ही आधी बसा," भाऊजी म्हणाले.

घरी ताईने निकाल दिला. "उद्यापासून जायचं नाही. दुकान टाका."

"दुकानात मी बोलत बसेन. विकणार कोण?"

दुसऱ्या दिवशी गेले. टाकीच्या तोंडाशी मात्र पाय जागचा हलेना. बाई फडकं बांधून स्वतःच आत शिरल्या. दार मणभर वजनाचं, वाऱ्याने हलण्यातलं नव्हे. तरी त्या बाहेर येईपर्यंत भाऊजी ते दोन्ही हातांनी धरून उभे होते.